पाच पुस्तके आणि एक गोष्ट

रमजानमध्ये दुपार लांबते. घड्याळ तेच असते, पण जोहरच्या नमाजपासून असरची अजान होईपर्यंतचा वेळ सरता सरत नाही. चहा नाही, पान नाही, खर्रा नाही. टपरीवर उभे राहून गप्पा मारायच्या तर घसा कोरडा. गोंदियाच्या बाजारात रोजा धरलेला दुकानदार गल्ल्यावर बसून राहतो. गिऱ्हाईक आले तर उठतो, नाही तर मोबाइलवर बोट फिरवतो. सकाळी कुराणची तिलावत झालेली असते, रात्री तरावीह असते. मधला हा दोन-अडीच तासांचा वेळ मात्र बहुतेकांचा मोबाइलच खाऊन टाकतो.

खरे तर हा वाचनाचाच महिना. मक्केजवळच्या हिरा गुहेत पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर पहिली वही उतरली ती याच महिन्यात आणि तिचा पहिला शब्द होता 'इक्रा', म्हणजे वाच. त्यानंतर काही वर्षांनी, हिजरी सन २ च्या रमजानमध्येच बद्रची लढाई झाली. त्या लढाईत पकडलेल्या ज्या कैद्यांकडे सुटकेसाठी भरायला पैसे नव्हते पण लिहिता-वाचता येत होते, त्यांनी मदिनेतल्या दहा-दहा मुलांना अक्षरे शिकवावीत आणि मोकळे व्हावे, असे ठरल्याचे सीरतकार सांगतात. कालपर्यंत तलवार घेऊन समोर उभा असलेला माणूस दुसऱ्या दिवशी मुलांचा मास्तर झाला. अक्षराची किंमत याहून मोठी कोणी लावली असेल?

आज 'इक्रा' हे शाळांचे नाव असते, शिकवणी वर्गांचे असते, मुलींचेही असते. घरातल्या फळीवर मात्र सर्वांत वर जुजदानात गुंडाळलेले कुराणशरीफ, सर्वांत खाली मुलांची गाइडे, आणि मध्ये काहीच नाही, असे चित्र अनेक घरांत दिसते. शेजारच्या घरातही फारसे वेगळे नसते. तिथे वर पोथी, खाली गाइडे आणि मध्ये काचेच्या शोकेसमधले कपबशांचे सेट. त्यामुळे एकाच समाजाला दोष देण्यात अर्थ नाही.

गोंदियात भाषेचाही एक गुंता आहे. बाजार हिंदीत चालतो, कचेरी मराठीत. गावागावांत पोवारी, गोंडी, छत्तीसगढी, झाडीबोली ऐकू येते. मुस्लिम घरात बोलणे हिंदी-उर्दूत होते आणि मराठी ही शाळेची, अर्जाची, सातबाऱ्याची भाषा होऊन बसते. मराठी पुस्तक म्हणजे परीक्षेचे पुस्तक, अशी गाठ एकदा बसली की सुटत नाही. वास्तविक श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात 'योगसंग्राम' मराठीतच लिहिला. १९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष संतसाहित्याचे अभ्यासक यू. म. पठाण होते आणि त्याच वर्षी सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. ही भाषा पाहुण्यासारखी ओसरीवर बसण्याची नाही, हे सांगायला एवढे पुरेसे आहे.

म्हणून यंदा रोज्याच्या दुपारी वाचण्यासारख्या पाच मराठी पुस्तकांविषयी आणि एका गोष्टीविषयी हे थोडे. पुस्तके दुर्मीळ नाहीत. बहुतेक ग्रंथालयात मिळतील, काही घरातच धूळ खात पडलेली असतील. मते मात्र सगळ्यांना पटतील असे नाही.

बक्षिसाचे पुस्तक

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचे 'अग्निपंख' बहुधा सर्वांत जास्त भेट दिले जाणारे पुस्तक असावे. अरुण तिवारी यांच्या साथीने लिहिलेले मूळ इंग्रजी पुस्तक १९९९ साली आले, मराठीत ते माधुरी शानभाग यांनी आणले. दहावीचा गुणगौरव असो की वक्तृत्व स्पर्धा, हमखास हेच पुस्तक हातात पडते. कलामांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबर, महाराष्ट्रात वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो, त्या दिवशी शाळांमध्ये टेबलावर हेच मांडलेले असते. इतके वाटले गेलेले पुस्तक वाचले किती जाते, हा प्रश्न विचारायला हवा.

स्पष्ट सांगायचे तर पुस्तकाचा मधला भाग जड आहे. एसएलव्ही-३ आणि क्षेपणास्त्रांच्या प्रकल्पांचे तपशील, समित्या, बैठका यांतून आठवी-नववीतला मुलगा पार होत नाही आणि तिथेच पुस्तक मिटतो. पण सुरुवातीची रामेश्वरमची पाने सोन्याची आहेत. कलामांचे वडील जैनुलाबदीन आणि रामेश्वरच्या मंदिराचे मुख्य पुजारी पक्षी लक्ष्मण शास्त्री हे जिवलग मित्र. शाळेत नवीन आलेल्या एका मास्तरांना टोपी घातलेला मुलगा पुजाऱ्याच्या मुलाशेजारी बसलेला खपला नाही. त्यांनी कलामांना मागच्या बाकावर पाठवले. दोन्ही मुलांनी घरी सांगितले. पुढे त्या मास्तरांना बोलावून खडसावले ते कलामांच्या वडिलांनी नव्हे, तर शास्त्रींनी. लहान मुलांच्या मनात असले विष कालवू नका, असे त्यांनी तोंडावर सुनावले.

दुसरा प्रसंग शिवसुब्रमण्य अय्यर या विज्ञानाच्या शिक्षकांचा. त्यांनी कलामांना घरी जेवायला बोलावले. त्यांच्या पत्नीने सोवळ्याच्या स्वयंपाकघरात मुस्लिम मुलाला वाढायला नकार दिला. अय्यर चिडले नाहीत. त्यांनी स्वतः वाढले, शेजारी बसून जेवले आणि निघताना पुढच्या आठवड्याचे आमंत्रण दिले. पुढच्या खेपेला त्याच बाईंनी कलामांना आत नेऊन आपल्या हाताने वाढले.

तिसरी आहे बहीण जोहरा. मद्रासच्या तंत्रशिक्षण संस्थेत प्रवेशासाठी हजारेक रुपये लागणार होते. तिने आपल्या सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवली.

कलामांचे नाव घेताना अनेकदा एक छुपा अर्थ त्याला चिकटवला जातो, की असा मुसलमान विरळा. त्यांचेच पुस्तक याला साक्ष देत नाही. ते सांगते, की एक गल्ली, एक पुजारी, एक शिक्षक आणि एक बहीण मिळून एक मुलगा घडवतात. विरळा मुलगा शोधण्यापेक्षा अशी गल्ली शोधावी. 'अग्निपंख' मुलांना बक्षीस द्यावे, यात वाद नाही. पण पहिली पन्नास पाने आधी मोठ्यांनी वाचावीत आणि मग द्यावे.

बेचाळीस रात्री

'श्यामची आई' सानेगुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिले, १९३५ साली ते छापले गेले. आचार्य अत्रे यांनी त्यावर काढलेल्या चित्रपटाला पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले. श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री आईची एक आठवण सांगतो, अशी पुस्तकाची मांडणी. तरावीहनंतर रोज एक रात्र वाचली तर ईदपर्यंत तीसेक होतात, उरलेल्या शव्वालमध्ये संपतात.

अलीकडे या पुस्तकाची चेष्टा करण्याची फॅशन आहे. फार रडवते, फार उपदेश करते, असे म्हणतात. त्यात तथ्य नाही असे नाही. पण हे पुस्तक मुस्लिम घरातल्या वाचकाने एकदा वाचून पाहावे. देवघर, तुळस, सोवळे एवढे बाजूला काढले की उरते ती अगदी ओळखीची बाई. पैसा नाही पण मान सोडायचा नाही, घरात कमी असले तरी दारी आलेल्याला रिकामे पाठवायचे नाही, मुलगा चुकला तर मायेने जवळ घ्यायचे पण चूक पोटात घालायची नाही. सावकाराचा माणूस वसुलीला दारात येऊन बसतो आणि आजारी बाईला वाटेल ते बोलतो, तो प्रसंग आजही अंगावर येतो. सावकाराच्या जागी आता फायनान्सचा हप्ता मागणारा मोटारसायकलवरून येतो, एवढाच बदल. जकात कोणाला द्यावी याचे आठ हकदार कुराणने सांगितले आहेत, त्यांत कर्जाखाली दबलेला माणूसही आहे. भिकाऱ्याच्या हातावर नाणे ठेवताना त्याची आठवण होते, पण हप्ता थकल्यामुळे दार लावून बसलेल्या शेजाऱ्याची होत नाही. श्यामची आई ती आठवण करून देते.

या पुस्तकातली एक गोष्ट मात्र डोळे मिटून गिळू नये. दलित समाजातल्या एका म्हातारीची लाकडाची मोळी खाली पडते. कोणी हात लावत नाही. आई श्यामला सांगते, जा, मोळी उचलून तिच्या डोक्यावर दे. आणि घरी येऊन आंघोळ कर. त्या काळच्या कोकणातल्या ब्राह्मण घरात मोळीला हात लावायला सांगणे हेच मोठे धाडस होते, हे खरे. पण ती आंघोळही तितकीच खरी आहे. करुणा आणि विटाळ एकाच वाक्यात. हे पान मुलांना वाचून दाखवताना तिथे थांबावे, त्यावर बोलावे. आणि हेही सांगावे, की त्याच आईचा तो मुलगा मोठा झाला तेव्हा पंढरपूरचे विठ्ठल मंदिर दलितांना खुले व्हावे म्हणून मे १९४७ मध्ये त्याने दहा दिवस उपोषण केले. आईने आंघोळीपर्यंत आणून सोडलेली वाट मुलाने पुढे नेली. रोजा धरणाऱ्याला उपाशी पोटाचा अर्थ सांगावा लागत नाही. दुसऱ्याच्या हक्कासाठी उपाशी राहणे काय असते, हे त्याच्याइतके कोणाला कळणार?

जिल्ह्याचे पुस्तक

गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ रोजी. त्याच्या कितीतरी आधी इथल्या एका गावाचे नाव मराठी वाचकांच्या तोंडी झाले होते. ते गाव नवेगावबांध आणि ते नाव पोचवणारे मारुती चितमपल्ली. सोलापूरचा माणूस वनखात्याच्या नोकरीत इथे आला आणि तलाव, पक्षी, झाडे, माणसे यांत रमला. १८ जून २०२५ रोजी सोलापुरात त्यांचे निधन झाले, त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. त्यांचे आत्मचरित्र 'चकवाचांदण' गोंदियाच्या किती घरांत आहे, हा थोडा लाजवणारा प्रश्न.

पुस्तक जाड आहे. काही पाने नोंदवहीसारखी कोरडी आहेत, नोकरीतल्या घडामोडी वाचताना पाने उलटावीशी वाटतात. पण जंगल आले की भाषा बदलते. आणि हे जंगल सफारीच्या जिप्सीतून दिसणारे नाही. नागझिऱ्याला जाणाऱ्या बहुतेकांना एक वाघ हवा असतो, दिसला तर पैसे वसूल, नाही दिसला तर दिवस वाया. चितमपल्लींच्या जंगलात वाघाइतकीच जागा घुबडाला आहे, मोहाच्या झाडाला आहे आणि जंगल जाणणाऱ्या माणसाला आहे. नवेगावचे माधवराव पाटील डोंगरवार यांच्याबरोबर ते रानात हिंडले. तलाव बांधणारे कोहळी, मासे धरणारे ढिवर, गोंड, पारधी यांच्याकडून त्यांनी नावे आणि शब्द गोळा केले. शिकलेला अधिकारी न शिकलेल्या माणसांपुढे विद्यार्थी होऊन बसला, म्हणून हे पुस्तक झाले. कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार' आणि बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार' असे नेमके शब्द त्यांनी मराठीला दिले.

कुराणच्या सूऱ्यांची नावे पाहिली तर त्यांत गाय आहे, मधमाशी आहे, मुंगी आहे, कोळी आहे, हत्ती आहे. सृष्टीकडे पाहा, विचार करा, असे कुराण पुन्हा पुन्हा सांगते. सकाळी 'सूरह नमल' वाचणाऱ्याने दुपारी वारुळाकडे वाकून पाहिले तर ते त्याच तिलावतचे पुढचे पान आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये येणाऱ्या रमजानात मोहफुलांचे दिवस जवळ आलेले असतात. नवेगावचे पान घरात वाचून, ईदच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुलांना घेऊन तलावाच्या पाळीवर जावे. सातारा जिल्ह्यातल्या भिलारनंतर पुस्तकांचे गाव हा उपक्रम राज्य शासनाने ज्या गावांत नेला, त्यांत नवेगावबांधही आहे. तलाव पाहून झाल्यावर पुस्तकेही पाहता येतील.

ईदच्या कपड्यांचे पुस्तक

देवीदास सौदागर यांच्या 'उसवण' या कादंबरीला २०२४ साली साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. लेखक तुळजापूरचे. त्यांनी स्वतः शिवणकाम केलेले आहे, रखवालदाराची नोकरी केलेली आहे. कादंबरी आहे तयार कपड्यांच्या लाटेत हातचे काम गमावत चाललेल्या एका शिंप्याची.

ही कादंबरी रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत वाचावी. एके काळी हे दहा दिवस म्हणजे शिंप्यांची दिवाळी असे. दुकानात कापडाचे गठ्ठे, भिंतीवर खडूने लिहिलेली मापे, रात्रभर मशीनचा आवाज आणि चाँदरातीला दारात ताटकळत उभी असलेली पोरे. आता तयार कुर्ता-पायजमा पिशवीत घालून मिळतो. ज्याला कापड आणून दिले जायचे, तो आता पायजम्याची लांबी कमी करून देतो आणि चेन बदलून देतो. ईद असो, दिवाळी असो, लग्नसराई असो, नामदेवांचे नाव सांगणारा शिंपी आणि रमजानचे रोजे धरणारा दर्जी या दोघांच्या मशीनवर एकाच प्रकारची धूळ बसली आहे. धंदा बुडतो तेव्हा तो धर्म विचारून बुडत नाही.

कादंबरी लहान आहे. विषयाच्या मानाने ती आणखी लांबायला हवी होती, असे वाटत राहते. पण तिच्यात खोटे काही नाही. गरिबी दाखवून टाळ्या घेण्याचा मोह लेखकाला झालेला नाही. सुई कशी धरायची हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या हातून हे लिहिले गेले आहे, हे पानापानावर कळते. वाचून झाल्यावर करायचे एकच, यंदा घरातला एक तरी कपडा ओळखीच्या शिंप्याकडून शिवून घ्यायचा. भाव थोडा जास्त पडेल. तो खर्च उपकार म्हणून धरू नये, कपडा मापाचा होतो.

न वाचता भांडलेले पुस्तक

मेहरुन्निसा दलवाई यांचे 'मी भरून पावले आहे' हे आत्मकथन १९९५ साली आले. लेखिकेचे आडनाव पाहूनच अनेक घरांत हे पुस्तक उंबऱ्याबाहेर राहते. हमीद दलवाई यांनी १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले. त्यांची मते समाजातल्या मोठ्या वर्गाला तेव्हाही पटली नाहीत, आजही पटत नाहीत. श्रद्धेने रोजा धरणाऱ्या माणसाला त्यांची सगळी मांडणी मान्य होईल, अशी अपेक्षाही करू नये. उलट बाजूला असेही लोक आहेत जे दलवाईंचे नाव काठीसारखे वापरतात. मुसलमानाला मारायचे झाले की काढली बाहेर. या दोन्ही बाजूंमध्ये एक साम्य आहे. दोघांनीही बहुतेक वेळा हे पुस्तक वाचलेले नसते.

वाचले तर वेगळेच हाती लागते. पुण्यातल्या उर्दू बोलणाऱ्या घरातली मुलगी, चिपळूणजवळच्या मिरजोळीचा मराठी बोलणारा तरुण. दोघेही मुसलमान, पण भाषा दोन, रीती दोन, ताटातले पदार्थ दोन. मुसलमान म्हणजे एकच साचा, असे समजणाऱ्या वाचकाला इथेच पहिला धक्का बसतो. नवरा चळवळीत, घराचा भार नोकरी करणाऱ्या बायकोवर. मुली, पाहुणे, कार्यकर्ते, विरोध, निंदा आणि मग नवऱ्याचे दीर्घ आजारपण. ३ मे १९७७ रोजी हमीद दलवाई गेले तेव्हा ते पंचेचाळीस वर्षांचेही नव्हते. हे सगळे सांगणाऱ्या बाईचा सूर तक्रारीचा नाही. पुस्तकाचे नावच तिने किती समाधानाचे ठेवले आहे.

या पुस्तकावर एक आक्षेप राहतो. नवऱ्याविषयीच्या प्रेमामुळे लेखिका त्याला फार थोडे प्रश्न विचारते. जिने इतके सोसले तिने थोडे भांडायला हवे होते, असे वाचताना वाटते. पण तो तिचा अधिकार. चळवळी मोठ्या माणसांच्या नावाने ओळखल्या जातात आणि चालतात त्यांच्या घरात कोणीतरी पगार आणते म्हणून, हे इतक्या साधेपणाने सांगणारी मराठी पुस्तके थोडी आहेत. मतभेद असतील तर पुस्तक वाचून ठेवावेत. न वाचता ठेवलेला मतभेद हा फक्त राग असतो, आणि राग आवरणे हा रोज्याचाच भाग आहे.

आणि एक गोष्ट

शेवटी प्रेमचंदांची 'ईदगाह'. गोंदियासारख्या हिंदी जाणणाऱ्या गावात ही गोष्ट माहीत नसलेला माणूस विरळा. आई-बाप नसलेला छोटा हमीद ईदच्या जत्रेत तीन पैसे घेऊन जातो. सोबतची मुले खेळणी घेतात, मिठाई खातात. हमीद पोळ्या भाजताना हात भाजणाऱ्या दादीसाठी चिमटा घेऊन येतो. दादी अमीना आधी रागावते आणि मग रडते.

शाळेत ही गोष्ट त्यागाची म्हणून शिकवली जाते. पोर किती गुणी, असे म्हणून डोळे पुसले जातात. मोठेपणी पुन्हा वाचली की डोळे पुसणे सोपे राहत नाही. चार-पाच वर्षांच्या पोराला मिठाईऐवजी चिमटा घ्यावा लागतो, हा गुण पोराचा, पण दोष कोणाचा? त्या गावातून झुंडीने ईदगाहला निघालेल्या मोठ्या माणसांपैकी एकालाही अमीनाची चूल का दिसली नाही? सदका-ए-फित्र ईदच्या नमाजआधी द्यायचा असतो. त्यामागचा हेतूच हा, की त्या सकाळी कोणाच्याही घरी चूल थंड राहू नये आणि कोणत्याही पोराने दुसऱ्याच्या हातातल्या मिठाईकडे पाहत उभे राहू नये. हमीदचे कौतुक करणे म्हणजे एका परीने त्याच्या गावाच्या चुकीवर पांघरूण घालणे. प्रेमचंदांनी मोठ्यांना एका शब्दाने टोचलेले नाही, सगळे वाचणाऱ्यावर सोडले आहे. म्हणून ही गोष्ट मुलांसाठी म्हणून बाजूला ठेवू नये. फितऱ्याचा हिशेब करण्याच्या आदल्या रात्री ती घरातल्या कर्त्या माणसाने वाचावी.

पाच पुस्तके आणि ही गोष्ट एकत्र ठेवली तर एक गोष्ट लक्षात येते. लोकप्रिय पुस्तक वाचताना नजर नायकावर असते, कलाम, श्याम, अरण्यात रमलेला अधिकारी, समाजसुधारक नवरा, गुणी हमीद. पण पुस्तक मनात राहते ते नायकाच्या शेजारच्या माणसामुळे. मास्तरांना खडसावणारा पुजारी, मोळी पडलेली म्हातारी, रानवाटा दाखवणारे पाटील, दुकानावर आता न येणारे गिऱ्हाईक, पगार आणणारी बायको, आणि ईदगाहच्या वाटेवर अमीनाच्या झोपडीकडे न पाहता गेलेले गावकरी. गोंदियातही ही सगळी माणसे आहेत. नायक होणे कोणाच्या हातात नसते, शेजारी होणे प्रत्येकाच्या हातात असते.

म्हणून एक साधी सूचना. ईदला मुलांच्या हातात ईदी म्हणून नोट ठेवली जाते, ती ठेवावीच. नोटेबरोबर यंदा एक पुस्तक ठेवावे. मुस्लिम घरात एक मराठी पुस्तक जावे. आणि शिरखुर्मा घ्यायला येणाऱ्या हिंदू, बौद्ध, ख्रिस्ती मित्राने येताना मिठाईच्या पुड्याऐवजी आपल्याला आवडलेले पुस्तक आणावे, जाताना त्या घरातले एक घेऊन जावे. सुरुवात कुठून करावी असा प्रश्न पडला तर पवनारच्या विनोबांचे 'कुराण-सार' आहे. त्यांनी अरबी शिकून कुराण वाचले आणि मगच त्यावर लेखणी धरली. सानेगुरुजींचे 'इस्लामी संस्कृती' आहे. ही दोन्ही नावे अनेक मुस्लिम घरांना ठाऊक नाहीत आणि अनेक हिंदू घरांनाही.

नेलेले पुस्तक परत आणावे लागते. परत आणायला गेले की पुन्हा चहा होतो, पुन्हा बोलणे होते, कोणते पान आवडले आणि कोणते पटले नाही यावर थोडी हुज्जत होते. रमजान सरेल, चाँद दिसेल, दुपारी पुन्हा टपरीवर चहा सुरू होईल. त्या चहाच्या कपाशेजारी एखादे उघडे पुस्तक राहिले, तर 'इक्रा'चा मान थोडा तरी राखला जाईल. अल्लाह सर्वांचे रोजे कबूल करो आणि सर्व घरांत वाचण्याजोगी एक फळी भरो. आमीन.